डबा त्यांच्याकडे, गोळी तुझी

तुझं इथे वृद्धाश्रमात राहायला येणं पक्कं झालं, बरं वाटलं. परवा फोनवर तू सगळं विचारलंस. खोलीला गॅलरी आहे का, पोळ्या मऊ असतात का, देव ठेवू देतात का. गोळ्यांचं मात्र काही विचारलं नाहीस. आणि इथे आल्यावर पहिल्या तासाभरात हातातून जाते ती तीच गोष्ट. सामान अजून लागलेलं नसतं, तेवढ्यात सिस्टर हसतमुखाने येते नि म्हणते, "आजी, औषधं इकडे द्या. आता तुम्ही कसली काळजी करायची नाही." आपण प्रवासाने नि रडारडीने इतक्या दमलेल्या असतो की अख्खी पिशवी तिच्या हवाली करून मोकळ्या होतो.

मी उभी हयात सरकारी वॉर्डात गोळ्या वाटल्या, आता इथे बसून घेते. ट्रॉलीच्या दोन्ही बाजू पाहिलेली थोरली जाऊ म्हणून सांगते, डबा त्यांच्या कपाटात राहू दे, खुशाल राहू दे. पण गोळी कुठली, कशासाठी, कधी आणि किती दिवस, हे तुझ्याकडेच ठेव.

प्रवेशाच्या कागदांत औषधांसाठी एक वेगळं पान असतं. नसलं तर मागून घे. औषधं स्वतः घेणार, आठवण करून दिल्यावर घेणार, की संस्थेने हातात द्यायची, असं काहीसं त्यावर विचारलेलं असतं. मुलं घाईत असतात, त्यांना रात्री शांत झोप हवी असते, म्हणून ती सरसकट "संस्थेने" यावर खूण करतात. तुझा पोरगाही तेच करील, त्याचा स्वभाव तसाच आहे. त्याला थांबव. खूण माणसावर नको, एकेका औषधावर हवी. थायरॉइडची गोळी, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचं मलम, पोट साफ व्हायचं औषध हे तू आजवर घेत आलीस, पुढेही घेशील. त्यासाठी किल्लीचा ड्रॉवर माग. उघड्यावर ठेवू नकोस, कारण शेजारच्या खोलीतली विसरभोळी बाई आपलं समजून तुझी गोळी घेऊ शकते. इन्सुलिन, रक्त पातळ करायची गोळी, झोपेची गोळी असं काही कधी सुरू झालं तर ते मात्र त्यांच्याकडे दे. तिथे चूक झाली तर निस्तरणं अवघड, आणि त्यांच्याकडे लिहून ठेवायची शिस्त असते.

स्वतःकडे ठेवायचं म्हटलं की सिस्टर तुझी परीक्षा घेईल. पट्टीवरचं नाव वाच, बाटलीचं झाकण उघड, ही कशाची गोळी ते सांग. राग मानू नकोस, ती बरोबरच करते. आणि परीक्षा खरी दे. हाताला कंप आला, कालची गोळी घेतली की नाही आठवेनासं झालं, तर ते औषध त्या दिवशीच त्यांच्याकडे सोपव. एक औषध सोपवलं म्हणून बाकीची सोपवावी लागत नाहीत. उलटही खरं आहे. आजारपणात सगळं त्यांच्याकडे गेलं असेल तर बरं वाटल्यावर परत माग. न मागता कोणी आणून देत नाही.

आता यादी. येण्याआधी एक कागद तयार कर, पोराकडून टाइप करून घे, पण मजकूर तुझा असू दे. गोळीचं कंपनीने दिलेलं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं खरं औषधाचं नाव, दोन्ही लिही. कुठल्या डॉक्टरांनी दिली, केव्हापासून, कशासाठी, तेही लिही. खरं नाव लिहायचं कारण सांगते. केमिस्टकडे एका कंपनीची गोळी नसली की तो दुसऱ्या कंपनीची देतो. औषध तेच, पट्टीचा रंग वेगळा, नाव वेगळं. मग जुनीही चालू राहते नि नवीही, आणि बीपी एवढं खाली येतं की बाई बाथरूममध्ये पडते. नावामागच्या शेपटीकडेही लक्ष दे. टेल्मिसार्टनच्या गोळीच्या नावापुढे "एच" लागला की त्यात लघवीचं औषधही असतं, "एएम" लागला की ॲम्लोडिपिन असतं. डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या या पट्ट्यांत एकाऐवजी दोन औषधं असतात. हॉस्पिटलातून आल्यावर शेपूट बदललेली दिसली तर विचारायचं.

डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ लिहितात. म्हणजे सकाळी एक, रात्री एक. उपाशीपोटी की जेवून, हे त्यात कुठे असतं? ते तू शब्दांत लिही, "चहाच्या आधी", "जेवणाच्या मध्ये" असं. आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध असेल तर वार अक्षरांत लिहायचा आणि त्याखाली रेघ मारायची. संधिवाताला मेथोट्रेक्सेट देतात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ते चुकून रोज गेलं तर जिवावर बेततं. हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेटची गोळीही बहुधा आठवड्याचीच. ती उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. इथल्या मुलीला ते ठाऊक नसेल, ती गोळी देऊन परत चादर पांघरून जाईल. तू उठून बस.

सगळ्यात जास्त वाद होतो तो वेळेवरून, म्हणून तो जरा तपशिलात सांगते.

इथे ट्रॉली फिरते ती नाश्त्याला, जेवणाला आणि रात्री. त्या वेळा स्वयंपाकघराच्या नि ड्यूटीच्या सोयीने ठरलेल्या असतात, औषधाच्या नाही. काही औषधं घड्याळावर चालतात. काहींना सकाळ-संध्याकाळ एवढंच कळतं. आणि काही अशी गरीब की दिवसात केव्हाही घे. कुठली कशात बसते हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घेतलंस की निम्मी भांडणं मिटतात. पार्किन्सनच्या माणसाची लेव्होडोपा घड्याळावरची. ती तासभर उशिरा आली तर माणूस खुर्चीत लाकडासारखा होतो, चमचा तोंडापर्यंत जात नाही, आणि मग त्यालाच "आज सहकार्य करत नाहीत" असं ऐकावं लागतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. इथे ती आठ वाजता चहाबरोबर येते, शेजारी कॅल्शियमची गोळी. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉइडची अंगी लागत नाही, त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. म्हणून म्हटलं, ती स्वतःकडे ठेव. तुला पहाटे साडेपाचला जाग येतेच. याउलट कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन दिवसात केव्हाही चालते. तिच्यासाठी रात्री नऊला झोपेतून उठवलं तर सांग, उद्यापासून जेवताना द्या.

लघवीच्या गोळीचं तर इथे मोठं राजकारण. फ्युरोसेमाइड घेतली की तासाभरात सुरू होते आणि साधारण सहा तास पिच्छा सोडत नाही. सकाळी आठला गोळी, दहाला नातवाच्या मुंजीला निघायचं, मग बाई म्हणते, "मी नाही येत, तुम्ही जा." घरचे म्हणतात आईला आता कुठे जायचा उत्साह राहिला नाही. उत्साह असतो गं, वाटेत बरं स्वच्छतागृह नसतं. डॉक्टरांना विचारून ठेव की बाहेर जायच्या दिवशी ही गोळी परत आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का. पुष्कळांना चालते. फक्त रात्री उशिरा नको, नाहीतर अंधारात बाथरूमकडे धावाधाव आणि पडणं. त्यांनी हो म्हटलं की चिठ्ठीवर लिहून घे. तोंडी हो म्हटलेलं सिस्टरच्या वहीत उतरत नाही, आणि वहीत नाही ते इथे चालत नाही.

माझ्या समोरच्या खोलीत एक आजी आहेत, संकष्टी सोडत नाहीत. लग्नाआधीपासूनची. साखरेला सकाळी ग्लिमेपिराइड घेतात. इथे आल्यावर पहिल्याच संकष्टीला त्यांच्यापुढे पोहे ठेवले आणि सांगितलं, "डायबेटीसवाल्यांना उपास नाही, नियम आहे." आजींनी पोहे खाल्ले नाहीत, गोळी मात्र मुकाट गिळली. अकराच्या सुमाराला घामाने डबडबल्या, हात थरथरायला लागले. सिस्टरने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. मग नियम आणखी कडक झाला आणि आजींचा हट्टही. शेवटी मी त्यांना घेऊन डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टर समंजस निघाले. म्हणाले, करा ना, पण माझ्या पद्धतीने. त्यांनी चार्टवर लिहिलं, संकष्टीच्या सकाळी ग्लिमेपिराइड नाही. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात हवं, ताक, राजगिऱ्याचा लाडू, फळाची फोड. साबुदाण्याची खिचडी वाटीभरच, कारण ती साखर वर नेते. दुपारी आणि चंद्रोदयाआधी बोटातून रक्त तपासायचं, सत्तरच्या खाली आलं की उपास तिथेच सुटला, गणपती रागावत नाही. आजींनी त्याखाली सही केली. आता कॅलेंडरमधल्या संकष्ट्यांवर ड्यूटीवरची मुलगीच लाल गोल करून ठेवते. तू एकादशी करतेस, तुझ्या गोळ्या वेगळ्या आहेत, तेव्हा आजींचा कागद तुला चालणार नाही. पण असा कागद तुझाही होऊ शकतो.

"नको" म्हणायचा हक्क तुला आहे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला पाच गोष्टी घोकायला लावल्या होत्या, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पेशंटला विचारलं का, हे त्या पाचांत नव्हतं. आता शिकवतात म्हणे. तर "नको" म्हणायचं असेल तर तोंडाने म्हण आणि कारण सांग. "काल घेतली, चक्कर आली" असं. सिस्टरने वहीत "नाकारली" असं कारणासकट लिहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, एवढंच तिचं काम. दटावणं नाही, पोराला फोन लावून धमकावणं नाही. आणि शुद्धीत असलेल्या बाईला वरणभातात किंवा शिऱ्यात कुटून गोळी घालणं तर मुळीच नाही. असं कुठे दिसलं, स्वतःच्या ताटात असो की शेजारणीच्या, गप्प बसू नकोस. त्यात फसवणूक आहेच, शिवाय धोका आहे. ज्या गोळीच्या नावामागे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असं असतं ती दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेली असते, कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. पोटाला त्रास होऊ नये म्हणून वरून लेप दिलेल्या गोळ्याही कुटायच्या नसतात. गिळायला त्रास होत असेल तर तसं सांग, पुष्कळ औषधं पातळ किंवा जिभेवर विरघळणारी मिळतात.

एक मात्र करायचं नाही. जिभेखाली गोळी दडवून सिस्टर वळली की कुंडीत टाकायची नाही. इथे हे चालतं, गॅलरीतल्या तुळशींना बीपीच्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांना वाटतं गोळी जाते आहे पण पुरत नाही, म्हणून ते मात्रा वाढवतात. मग कधी हॉस्पिटलात जायची वेळ येते, तिथे नवखी नर्स ती वाढवलेली मात्रा खरोखर गिळायला लावते, आणि बीपी जमिनीला टेकतं. आणि काही औषधं मनाने एकदम तोडायचीच नसतात. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची, स्टेरॉइड, फिटची, बरेच दिवस चाललेली झोपेची. ती नको असतील तर पायरी-पायरीने उतरवून देतात.

झोपेच्या आणि "शांत राहायच्या" गोळ्यांवर थोडं स्पष्ट बोलते. रात्री इथे एका मजल्याला एखादीच मुलगी असते. कोणी आजोबा दोनदा उठून दार वाजवायला लागले, कोणी बाई "मला घरी जायचंय" म्हणून रडायला लागल्या, की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर जातं, "रात्री त्रास देतात". आणि एक बारीकशी गोळी सुरू होते. ती गोळी पेशंटसाठी आहे की रात्रपाळीसाठी, हे कोणीतरी विचारायला हवं. आधी बघायचं की दुखतंय का, लघवी तुंबली आहे का, तीन दिवस पोट साफ झालं नाही का, खोलीत उकडतंय का, ऐकायचं यंत्र रात्री काढून ठेवल्याने माणूस घाबरलाय का. वॉर्डात मी अशी कितीतरी "वेडसर" माणसं एनिमा दिल्यावर शहाणी झालेली पाहिली. विस्मरणाच्या रुग्णांना क्वेटियापिन, ओलान्झापिन यांसारखी औषधं देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २००५ सालीच कडक इशारा दिला होता, कारण चाचण्यांत ही औषधं घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे १.६ ते १.७ पट दिसलं होतं. म्हणजे ती कधीच द्यायची नाहीत असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर द्यावी लागतात. पण मग ती का, किती दिवस, परत केव्हा बघणार आणि कोणी ठरवलं, याची उत्तरं कागदावर हवीत. अल्प्राझोलाम, झोलपिडेम ही झोपेची औषधं आपल्याकडे शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, पट्टीवर लाल चौकट असते आणि केमिस्टला त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. केमिस्टला एवढी शिस्त असेल तर आपल्याला एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

गोळ्या वाढतात कशा, तेही बघून ठेव. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, हा त्या औषधाचा ठरलेला त्रास आहे. पण ते कोणी लक्षात घेत नाही आणि सूज उतरायला लघवीची गोळी येते. लघवीची घाई व्हायला लागली की ती थांबवायला तिसरी. तिसरीने तोंड कोरडं पडतं, पोट गच्च होतं, डोकं भंजाळतं, म्हणून चौथी पोटाची आणि पाचवी स्मरणशक्तीची. मूळ गोळी तिथेच बसलेली असते. मार्क बीअर्स नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, तीही मुद्दाम नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांसाठी. ती यादी अजून दर काही वर्षांनी सुधारतात, शेवटची सुधारणा २०२३ ची. सर्दीच्या साध्या गोळीत असतं ते क्लोरफेनिरामाइनही आता त्यात आहे, आपण जे पेपरमिंटसारखं खातो ते. तेव्हा दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना "आणखी काही देता का" असं विचारू नकोस. "यातली कुठली बंद करता येईल" असं विचार. डॉक्टर थोडे दचकतात, पण यादी हातात घेतात. हॉस्पिटलातून सुटून आलीस तर हा प्रश्न त्याच दिवशी. डिस्चार्ज कार्डावर पाच दिवसांसाठी लिहिलेली ॲसिडिटीची गोळी इथे पाच-पाच वर्षं चालते.

गोळी हातात येते तो क्षण साधा वाटतो, पण बघायचं तिथेच असतं. इथे छोट्या प्लॅस्टिकच्या कपांत गोळ्या काढून आणतात. तू सांग, माझ्या पट्टीतून माझ्यासमोर काढा. रोज जमणार नाही, गर्दीत नाही जमत, पण नवीन औषध सुरू झालं तर पहिले काही दिवस तरी. कपातल्या गोळ्या मोज, रंग बघ, नवी दिसली तर गिळायच्या आधी नाव विचार. "पांढरी आहे, बीपीची असेल" हे उत्तर चालवून घ्यायचं नाही. कोण देतंय तेही बघ. जीएनएम झालेली सिस्टर आहे, एएनएम आहे, की अटेंडंट मावशी? मावशीने पाणी द्यावं, चष्मा शोधून द्यावा, इन्सुलिन भरू नये. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० च्याही येतात आणि १०० च्याही. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट जातं. तुला इन्सुलिन नाही, पण सुरू झालं तर टोपणाचा रंग आधी बघ.

घरचे उपाय सोडायला कोणी सांगत नाही, पण लपवू नकोस. तुझी ती चूर्णांची पिशवी मला माहीत आहे. इसबगोल आणि बाकीच्या गोळ्या यांच्यात दोन तास तरी जाऊ दे, नाहीतर ते गोळ्यांना गुंडाळून घेऊन जातं. खोकल्याला ज्येष्ठमध चघळतेस, ते महिनोन्महिने चाललं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. पाठ दुखली की कोणाकडून तरी मागून घेतलेली डायक्लोफेनॅक, ती तर बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांबरोबर मूत्रपिंडाला नडते. या सगळ्याचा उल्लेख त्या यादीत सगळ्यात खाली कर, लाजू नकोस.

मुलांचं बोलायचं तर नाजूक आहे, पण बोलते. नवीन गोळी सुरू करायची झाली की ऑफिसातून फोन जातो तो मुलाला, कारण बिल तो भरतो. तुला कळतं ते कपात गोळी आल्यावर. पहिल्याच दिवशी पोराला शेजारी बसवून मॅनेजरना सांग, "आधी मला सांगायचं, मग त्याला." त्याला वाईट वाटेल, वाटू दे. पुढे तू बोलण्याच्या स्थितीत नसलीस तर कोणी ठरवायचं, ते मात्र आत्ताच लिहून ठेव. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये शेवटच्या आजारातल्या उपचारांबद्दलची इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याने आपला प्रतिनिधी नेमता येतो. विस्मरण वाढल्यावर या गोष्टी होत नाहीत. भाऊजींच्या वेळी काय ओढाताण झाली ते तू पाहिलंस.

औषधं संस्थेच्याच दुकानातून घ्यायची सक्ती असेल तर तसं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणावं. जनऔषधी केंद्रातून आणलेली चालतील का, हे पहिल्यांदाच विचार, महिन्याच्या खर्चात चांगलाच फरक पडतो. पट्ट्या सलग आण, चार-चार कापलेल्या नको, एक्स्पायरीची तारीख कापलेल्या बाजूला जाते.

तक्रार करायची वेळ आली तर आधी सिस्टर, मग डॉक्टर, मग ऑफिस, आणि लेखी. तरी कोणी ऐकेना तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन आहे. एखाद्या औषधाचा विचित्र त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ वर कळवता येतं, पेशंटने स्वतः कळवलेलंही ते घेतात. पण खरं सांगू का, तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. इथल्या मुली नांदेड, यवतमाळकडून आलेल्या असतात, पगार बेताचा, पाय दिवसभर जमिनीवर टेकत नाहीत. त्यांची नावं लक्षात ठेव. "ए मुली" म्हणून हाक मारू नकोस. कधी एखादी येऊन म्हणेल, "आजी, काल रात्रीची गोळी द्यायची राहिली माझ्याकडून." त्या वेळी आरडाओरडा केलास तर पुढची चूक तुला कधीच कळणार नाही. तिला म्हण, सांगितलंस ते बरं केलंस, डॉक्टरांना विचार आता काय करायचं. राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत, एवढं तूही लक्षात ठेव.

येताना तो यादीचा कागद दोन प्रतींत आण, एक त्यांच्या फाइलला, एक आपल्या पर्समध्ये. गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट, ॲलर्जी असलेल्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत, जुन्या पट्ट्यांचा ढीग मात्र तिथेच सोड. आणि वाचायचा चष्मा आणखी एक करून घे. पट्टीमागची अक्षरं मुंगीएवढी असतात, आणि चष्मा नेमका त्याच वेळी सापडत नाही. माझा तुला बसत नाही, मागच्या दिवाळीत लावून पाहिला होतास.